इंदूच्या अंगावरचे डाग

१४ मार्च १९६२, नंदुरबार

इंदू पुन्हा बाहेरची. मागचं आटोपून जेमतेम आठवडा झाला असेल. मागच्या खोलीत घोंगडी, वेगळा तांब्या, वेगळी ताटली. माय स्वयंपाक करते आणि भांडी आपटते. लग्नाला तीन वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, आणि आता सून महिन्यातले निम्मे दिवस शिवत नाही. हे सगळं ती शेजारणीला सांगते, पण मला ऐकू येईल अशा बेताने.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो आणि घरात हे चालू देतो. मायशी वाद घालायचा तर डोकं ताजं लागतं. ते नववीचे पेपर खाऊन टाकतात.

२९ मार्च

अजून आत आलेली नाही. दारात उभा राहून विचारलं, इतके दिवस कसे काय. म्हणाली, "व्हस कोनले कोनले." चेहरा पांढराफटक. उजेडाकडे पाठ करून बसली होती.

माय म्हणते उष्णता. धने-जिऱ्याचं पाणी चालू आहे. उष्णता तर मलाही आहे, सगळ्या नंदुरबारला आहे.

५ एप्रिल

आज न्हाऊन आत आली. सकाळी दात घासताना थुंकी लाल. तिने पायाने राख ओढून झाकली. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. म्हणे बाभळीची काडी टोचली. गावातल्या डॉ. मोघ्यांना दाखवू म्हटलं तर परीक्षा होऊ द्या म्हणाली. कोणाची परीक्षा, माझ्या पोरांची. मग राहिलंच.

४ मे

आखाजी आली, अक्षय्य तृतीया. हिलालभाऊ गाडी घेऊन इंदूला न्यायला आला. हा तिचा थोरला भाऊ, धानोऱ्याला शेती करतो. वडील लवकर गेले, तेव्हापासून तिला बाप तोच. बोलणं कमी, आवाज मोठा. आखाजीला लेक माहेरी झोक्यावर दिसली नाही तर गाव विचारतं, म्हणून इंदूत चालायचं बळ नसताना ती गेली. मी जा म्हटलं. तिथे चार दिवस खाईल, झोपेल असं वाटलं.

११ मे

धानोऱ्याला गेलो होतो आणायला. तिला पाठवत नाहीत.

ओसरीवर पाच-सात माणसं बसलेली. पाण्याचा तांब्या कोणी पुढे केला नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. सणाला बायकांनी इंदूला तेल लावून न्हाऊ घातलं, तेव्हा पाठीवर, मांड्यांवर काळे-निळे डाग दिसले. ताजे आणि जुने, पिवळे पडलेले. बायकांनी भावजयीला सांगितलं, भावजयीने हिलालभाऊला.

हिलालभाऊ खाली बघत म्हणाला, "मास्तर, मन्ही बहीणले काबर मारतस?"

मी आयुष्यात तिच्यावर हात उगारलेला नाही. तसं सांगितलं. तिचा चुलता हसला. म्हणाला, "शिकेल मानूस तोंडवर मारस नही." सगळ्यांनी माना हलवल्या. इंदू दारात येऊन सांगत होती, मला कोणी मारलं नाही. मार खाणाऱ्या सगळ्याच बायका असं सांगतात, त्यामुळे तिचं बोलणं माझ्याच विरुद्ध गेलं. ती पायरी उतरून माझ्याकडे यायला निघाली, तर हिलालभाऊने तिला दंडाला धरून आत नेलं. ओढलं नाही, वासराला धरतात तसं धरलं.

येष्टीत बसून परत. तीन वर्षांचा नवरा मी, आणि बायकोच्या पाठीवर काय आहे ते धानोऱ्याच्या बायकांना माझ्याआधी ठाऊक. ती बाहेर बसायची. दिवसच्या दिवस तिच्याकडे कोणी नीट पाहिलेलं नाही, मी नाही, मायने नाही.

घरी आल्यावर मायला विचारलं, तू तर नाही ना कधी...  ती समजली. ती जेवली नाही.

१५ मे

दुपारी हिलालभाऊची गाडी दाराशी. इंदू गाडीत आडवी, नाकाला लुगड्याचा पदर, पदर भिजलेला. कालपासून नाक वाहतंय. चुना, कांदा, गार पाणी, सगळं करून झालं.

 हिलालभाऊने तिच्या चोळीची बाही वर सरकवली. दंडावर चार बोटं आणि अंगठा, काळेशार उमटलेले. तिथे त्याने स्वतःचा हात ठेवून दाखवला. बरोबर बसला.

"हाई मन्हाच हात शे, मास्तर. मी तं नुसतं धरं व्हतं."

खरं लिहायचं तर मला आधी बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःची किळस आली.

डॉ. मोघ्यांनी नाकात कापूस ठासला. पायांवर बारीक लाल ठिपके आहेत, दाबले तरी जात नाहीत. बराच वेळ पाहत राहिले. मग एक लांबलचक इंग्रजी नाव घेतलं आणि म्हणाले, रक्त थांबवणारे कण संपलेत, इथे काही होणार नाही, सुरतेला न्या. उष्णता का, असं मायने दारातून विचारलं. नाही म्हणाले.

१७ मे, सुरत

काल पॅसेंजरने आलो, हिलालभाऊ बरोबर. डब्यात इंदूचं डोकं त्याच्या मांडीवर. नवापूर गेलं की पाट्या गुजराती होतात, दोन वर्षांपासून तर राज्यही दुसरं. हिलालभाऊला वाचता येत नाही, त्यामुळे त्याला फरक नाही.

इथले डॉक्टर तरुण आहेत, हिंदीत बोलतात. बोटातून रक्त घेतलं. सांगितलं की कण जवळजवळ नाहीतच.

१९ मे, सुरत

काल तिला रक्त दिलं. आधी माझं, मग हिलालभाऊचं. गावात समजूत अशी की दिलेलं रक्त पुन्हा होत नाही. त्याने मला एकदा विचारलं, होतं का? होतं म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून आडवा पडला आणि हात पुढे केला. हा तोच माणूस, आठवड्यापूर्वी मला पाणी न विचारणारा. मला त्याच्यावर राग धरता आला नाही.

आज डॉक्टर म्हणाले, चेहऱ्यावर लाली आली, पण कण पुन्हा शून्यावर. आमच्या रक्तातून गेलेले कणही खाल्ले गेले.

कोणी खाल्ले, विचारलं. तिच्याच पांढऱ्या पेशींनी.

मग त्यांनी बसवून सांगितलं. मला समजलं तसं लिहून ठेवतो. काही पांढऱ्या पेशी एक द्रव्य तयार करतात. बाहेरचा जंतू शिरला की ते त्याला चिकटतं, म्हणजे खूण पडते. दुसऱ्या पेशी खूण बघतात आणि खाऊन टाकतात. इंदूच्या अंगात ती खूण तिच्याच कणांवर पडते आहे. खाण्याचं काम जास्त करून पाणथरीत, म्हणजे प्लीहेत चालतं. का पडते खूण? डॉक्टर म्हणाले, "मालूम नहीं. किसी को मालूम नहीं." तिने काय खाल्लं, काय चुकलं, असं मी तीनदा तरी विचारलं असेल. तिचं काही चुकलेलं नाही म्हणाले. मला ते जड गेलं. चूक सापडली असती तर सुधारता आली असती.

हिलालभाऊला आपल्या बोलीत सांगितलं, तिच्या रक्ताचे राखणदार तिलाच खातायत.  तो म्हणाला, "मंग त्यासले सांगनार कोन?"



६ जून, नंदुरबार

सुरतेच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लागू पडल्या. नाक थांबलं, ठिपके विरले, घरी आलो. या गोळ्या पांढऱ्या पेशींना गुंगी आणतात असं डॉ. मोघे म्हणतात. मारत नाहीत, फक्त गुंगी.

मायला सांगितलं, आता बाहेर बसणं बंद. ती आजारी आहे, विटाळ-बिटाळ काही नाही.  दुसऱ्या दिवशी मायने पडवीत स्वतःची वेगळी चूल मांडली. एका घरात दोन धूर. शेजारी विचारतात, वाटण्या झाल्या का.

३० जून

इंदूचं तोंड गोल झालं आहे. गालावर बारीक लव आली. तिने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. भूक अशी की उभ्या उभ्या भाकरी खाते. मध्येच हसते, मध्येच रडते. माय दुरून बघून शेजारणीला म्हणाली, अंगाने भरली, आता काही तरी होईल. माय तरी आशेवर आहे.

मी इंदूला विचारलं, काय वाटतं? म्हणाली, "मी माले वळखस नही." मला ती ओळखू येते असं म्हणालो. उगाच म्हणालो असं वाटलं तिला, पण ते खरं होतं.

१७ जुलै

नववीला रक्ताचा धडा. 'पांढऱ्या पेशी या शरीराचे शिपाई होत.' दर वर्षी मी फळ्यावर भाला घेतलेली पेशी काढतो, पोरं हसतात. या वर्षी पुस्तकातून वाचून दाखवलं आणि पुढे गेलो. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, सर, चित्र?

शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. हेडमास्तरांना सांगितलं पाठाची तयारी. इंदूच्या बोटाचा थेंब काचेवर घेतला. लाल पेशी दिसल्या, पुष्कळ. ज्यांना शोधत होतो त्या रंगवल्याशिवाय धड दिसत नाहीत. ती म्हणाली, दिसल्या का तुम्हाला त्या? नाही म्हटलं. दिसल्या असत्या तरी काय केलं असतं मी.

९ नोव्हेंबर

गोळ्या कमी करत आणल्या, कारण हाडं पोकळ होतात, साखर वाढते. कमी केल्या की नडग्यांवर ठिपके हजर. वाढवल्या की तोंड सुजतं. चार महिने हाच झोका.

शाळेत सगळीकडे चीनची बातमी. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर मला बोलायला लावलं, जवानांना रक्त द्या या विषयावर. बोललो. चांगला बोललो म्हणे. शिपायांविषयी बोलताना मला मध्येच थांबावं लागलं. सगळ्यांना वाटलं, मास्तरला सरहद्दीचं केवढं दुःख.

डॉ. मोघे म्हणतात, आता पाणथरी काढण्यावाचून इलाज नाही. काहींना त्याने कायमचं बरं वाटतं. काहींना म्हणजे किती? त्यांनी हात उलटा केला.

१३ नोव्हेंबर

पाणथरी हा शब्द घरात आला आणि मायला जोर आला. तिला हा रोग माहीत आहे. लहानपणी हिवतापाने आम्हा सगळ्यांचीच पोटं फुगलेली असत. तेव्हा डाग देत. माझ्या डाव्या बरगडीखाली अजून वण आहे, तापलेल्या विळ्याच्या टोकाचा. माय म्हणाली, अमुक गावात डाग देणारा आहे, पोट फाडण्यापेक्षा ते बरं. तू नाही का वाचलास?

भयंकर म्हणजे इंदू तयार झाली. म्हणाली, एक चटका सोसून होत असेल तर काय वाईट. मी ओरडलो. तिच्या अंगाला नुसतं बोट लागलं तर काळं पडतं, आणि तुम्ही लोखंड लावणार. ताटली भिरकावली. भात पडवीभर. माय तो वेचत बसली, आणि वेचता वेचता म्हणाली, मी काय तिचं वाईट चिंतते का. नाही चिंतत. ते मला ठाऊक आहे.

१२ डिसेंबर, सुरत

आज काढली.

रक्त द्यायला हिलालभाऊ आला होता, आणि बरोबर तो चुलता, शिकेल मानूस म्हणणारा.  सरळ जाऊन बाही वर करून बसला. डॉक्टरांनी वय विचारून परत पाठवलं, तर रागावला. बाहेर बाकावर दिवसभर बसून होता, घरून आणलेली दशमी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. त्या प्रकरणाचा निकाल असा लागला.

दुपारी डॉक्टरांनी पाणथरी दाखवली, तबकात. जांभळी, मुठीएवढी. मला वाटलं होतं मोठी असेल. हिलालभाऊने मान फिरवली. मी बघत राहिलो. एवढ्याशा जागेत आमचं तिघांचं रक्त...

२२ डिसेंबर, सुरत

कण वाढले. बरेच. डॉक्टर स्वतः सांगायला आले. इंदू झोपली होती, उठवलं नाही. जिन्यात जाऊन रडलो. रडताना एकीकडे मनात येत होतं, इतक्यात रडू नको.

२४ फेब्रुवारी १९६३, नंदुरबार

गोळ्या बंद, पण पोर मात्र नको असं डॉ. मोघ्यांनी बजावलंय. तोंड पूर्वीसारखं. कासारीण आली होती. इंदूने घट्ट बांगड्या मागितल्या, मुद्दाम. हात दाबून दाबून चढवल्या. मग संध्याकाळी हात माझ्यापुढे धरले. पांढरे स्वच्छ, एक डाग नाही. कितीतरी वेळ तसेच धरून उभी होती.

मायची चूल आत आली. 

मला या बऱ्या दिवसांची धास्ती वाटते. सकाळी उठलो की आधी इंदूच्या नडग्या बघतो. तिला ते आवडत नाही. म्हणते, माझ्याकडे बघा, पायांकडे काय बघता.

१९ जून

नडग्यांवर ठिपके. दोन्हींवर.

डॉ. मोघ्यांकडे. ते काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. ते म्हणाले, पाणथरी गेली, पण खूण पाडणाऱ्या पेशी अंगभर आहेत. खाण्याचं काम आता यकृतात होत असेल, आणखी कुठे होत असेल. चावडी पाडली म्हणून शिपाई घरी बसत नाहीत. काढायला आता काही शिल्लक नाही.

मग त्यांनी इंदूला पडद्याआड नेलं, नर्सबाईंना बोलावलं. बाहेर येऊन माझ्यावरच चिडले. मी बजावलं होतं ना तुम्हाला?

दिवस गेलेत. दोन महिन्यांच्या वर. तिला माहीत होतं. मायलाही माहीत होतं. मला नाही.

२० जून

रात्री भांडण नको म्हणून आज शाळेतून लवकर येऊन भांडलो. म्हटलं, डॉक्टर सांगतायत आधी तुझा जीव, अजून वेळ आहे, सुरतेला काही तरी करता येईल. ती गहू निवडत होती. हात थांबला नाही.

"माले खातस तं खाऊ द्या. पोर तं व्हई."

मी म्हणालो, मला पोर नको, तू हवी आहेस. ती म्हणाली, "तुमले नको. माले पाहिजे." मग म्हणाली, तीन वर्षं मागच्या खोलीत बसून मी काय मोजलं असेल असं वाटतं तुम्हाला?

 माय दारामागे उभी होती. तिच्या डोळ्यांत आनंद होता आणि ती तो लपवत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला आईचा तिरस्कार वाटला. लिहून टाकलं.

८ ऑगस्ट

डॉक्टरांना, सुरतेच्या, भेटून आलो एकटाच. पोराचं काय, विचारलं. ते म्हणाले, आईच्या पेशी तिच्याकडेच राहतात, पण त्यांनी केलेलं द्रव्य नाळेतून पोराकडे जातं. एरवी हे चांगलंच असतं, आईची राखण पोराला मिळते. इथे तेच द्रव्य पोराच्या कणांवर खूण पाडू शकतं. होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही.

म्हणजे जन्माआधीच. मी गाडीत नवापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो, काय पाहिलं आठवत नाही.

इंदूला सांगितलं नाही. की सांगावं? तिला सांगायला मला तोंड नाही, न सांगायला धीर नाही.

३ ऑक्टोबर

सांगितलं. पोट दिसायला लागलं आहे. तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, हिचा काय गुन्हा. ती पोटातल्या पोराला 'ही' म्हणते.  गोळ्या जूनपासून पुन्हा चालू आहेत; संध्याकाळी मी दिल्या त्याहून जास्त मागितल्या. गोळ्यांनी त्या पेशी गुंगतील तर हिला कमी जाईल, असा तिचा हिशेब. डॉ. मोघ्यांना विचारलं. असेलही म्हणाले. त्यांनाही माहीत नाही. या रोगात सगळे शेवटी तिथेच येऊन थांबतात.

२५ नोव्हेंबर

हिरड्यांतून रोज रक्त. तोंड पुन्हा सुजलेलं. माय तिचे पाय चेपते, अगदी हलक्या हाताने, जोर न लावता, तरी सकाळी मायच्या अंगठ्याची खूण उमटलेली. माय ती खूण बघते आणि हात पदराखाली घेते. आता तिच्याही डोळ्यांतला तो आनंद गेला. काल म्हणाली, हे मागितलं नव्हतं मी.

माझा तिरस्कारही गेला. आता काहीच वाटत नाही. शाळेत शिकवतो, घरी येतो, बादली धुतो.

५ जानेवारी १९६४, सुरत

आधीच घेऊन आलो, वाटेत काही झालं तर कोण. हिलालभाऊ आला आहे. आता त्याला इस्पितळातले सगळे ओळखतात. न बोलावता जाऊन हात पुढे करतो. धानोऱ्याहून आणखी दोघांना आणलंय, त्यांना सांगतो, पुन्हा व्हस, मास्तरनी सांगं शे.

इंदू म्हणाली, मी राहिले नाही तर हिला धानोऱ्याला ठेवा. तुम्ही दिवसभर शाळेत, माय म्हातारी. मी हो म्हटलं. लगेच हो म्हटलं म्हणून तिला वाईट वाटलं बहुतेक. नाही म्हटलं असतं तरी वाटलं असतं.

१४ जानेवारी

आज संक्रांत. पहाटेपासून कळा. आत नेलं. इथले लोक गच्चीवर पतंग उडवतायत, आरडाओरडा. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

दुपारी. मुलगी. रडली, मी ऐकलं. इंदूचं रक्त थांबत नाही. हिलालभाऊ आत.

१५ जानेवारी

इंदू आहे. पांढरीफटक, ओठ निळे, पण आहे. रक्त अजून जातंय, कमी. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस गेला तर बघू.

मुलगी बघितली. काळे केस, मुठी आवळलेल्या. पोटावर आणि कपाळावर बारीक लाल ठिपके. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळं साकळलेलं. दाई कापडाने झाकायला लागली तर मी म्हटलं, राहू दे, दिसू दे.

डॉक्टर म्हणतात, हिच्या स्वतःच्या पेशी निर्दोष आहेत. आईकडून आलेलं द्रव्य आहे तोवर हे चालणार, काही आठवड्यांत ते विरतं. तोवर डोक्यात रक्त उतरलं नाही तर... वाक्य त्यांनीही पुरं केलं नाही.

१६ जानेवारी

इंदूला दूध आलं. एवढं रक्त गेलेल्या बाईला, कुठून आलं कोणास ठाऊक. चोळी भिजली. मुलगी बाटली तोंडात धरत नाही, सकाळपासून रडते आहे.

डॉक्टरांना विचारलं, तिला पाजू देऊ का? ते बोलले ते असं. काही जण म्हणतात, ते द्रव्य दुधातूनही जातं, देऊ नये. काही म्हणतात, पोटात पचून जातं, भीती नाही. अंगावरचं न मिळालं तर एवढ्याशा जिवाला तेही वाईट. मी सांगू शकत नाही. तुम्ही ठरवा.

आत गेलो तर इंदू उशीला टेकून बसलेली, मुलगी मांडीवर. माझ्याकडे बघत होती. तिने आमचं दारातलं बोलणं ऐकलं होतं.

"तुम्हीन शास्त्र शिकाडतस. तुम्हीन सांगा. पाजू का नको?"

मी म्हटलं, थांब, येतो. आणि बाहेर बाकावर येऊन बसलो. हिलालभाऊ शेजारी आहे. मला ठरवता येत नाही. आतून मुलीचं रडणं ऐकू येतंय.